पडद्यावरची कल्पकता आणि आमचा मानस

गेल्या वर्षी मंडळाच्या अभ्यासवर्गात माझ्या वाट्याला विषय आला होता, ‘इंटरनेटवरची कल्पक डिझाइन्स आणि वेबसाइट्स कशा शोधाव्यात’. मी खूश झालो, कारण हा उद्योग मी तसाही रात्री बारा वाजता करतच असतो. आठ दिवसांत दीडशेच्या वर लिंका जमवल्या. दुमडून खिशात मावणारी खुर्ची, भिंतीत लपणारा पलंग, स्वतःहून उभा राहणारा ब्रश. वर्गात त्या पडद्यावर दाखवल्या, सगळे ‘वाव’ म्हणाले, तास संपला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये एकीला विचारलं, काल काय आवडलं? ती थोडा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, “ते... काहीतरी दुमडायचं होतं ना?”

म्हणून यंदा त्याच विषयावर पुन्हा लिहितोय, वेगळ्या रीतीने. दीडशे नाहीत, चार-पाचच गोष्टी घेतो. त्यांतली एक तर इंटरनेटवर मला धड सापडलीच नाही, आणि सगळ्यात जास्त मी तिच्यातूनच शिकलो.

सुरुवात एका वाईट डिझाइनपासून करू. अथेन्सच्या कातेरिना कांप्रानी या आर्किटेक्ट बाई २०११ पासून ‘द अनकम्फर्टेबल’ नावाचा प्रकल्प करतायत. रोजच्या वस्तू घ्यायच्या आणि एकच लहानसा बदल करून त्या निरुपयोगी करून टाकायच्या, एवढंच त्या करतात. साखळीच्या दांड्याचा काटा-चमचा. झाडांना पाणी घालायची झारी, पण तिची चोच उलटी, झारीच्याच पोटाकडे वळलेली. हा फोटो मी घरी आजीला दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, “झाडाक उदक ना, आपणाकच न्हाण!” आणि पदराने तोंड झाकून हसत सुटली.

आजी का हसली याचा विचार केला तर धडा तिथेच आहे. झारीची चोच बाहेरच का असते, किती लांब असते, तोंडाशी का वाकलेली असते, हे आपण कधी विचारत नाही, कारण ती बरोबर असते. चांगलं डिझाइन दिसत नाही, वाईट लगेच दिसतं. डॉनल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ मध्ये रोजच्या वस्तूंच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यात दारांची गोष्ट आहे. दार ढकलायचं की ओढायचं हे दाराकडे बघून कळलं पाहिजे. ‘ढकला’ अशी पाटी लावावी लागत असेल तर चूक माणसाची नाही, दाराची आहे. तेव्हापासून अशा दारांना ‘नॉर्मन डोअर’ म्हणतात. म्हापशात एका बँकेत असं दार आहे. त्याच्यावर इंग्रजी, मराठी अशा दोन पाट्या आहेत आणि तरी रोज लोक आपटतात. मी स्वतः दोनदा.

तेव्हा ऑनलाइन एखादी भन्नाट वस्तू दिसली की ‘वाव’ म्हणण्याआधी मी आता स्वतःला विचारतो, हे करणाऱ्याने कुणाची अडचण बघितली होती? उत्तर मिळालं नाही तर ती वस्तू बहुतेक फोटोसाठीच केलेली असते. असल्या वस्तूंनी अर्धं इंटरनेट भरलंय.

हाच प्रश्न घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आदोळी बघा, मराठीत जिला विळी म्हणतात. सुरीने कापताना भाजी स्थिर असते आणि पातं फिरतं. आदोळीत उलट आहे. पातं जागचं हलत नाही, भाजी फिरते. पाट आपण पायाने किंवा अंगाच्या वजनाने दाबून धरतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. मासळी दोन्ही हातांनी धरून कापता येते, निसटत नाही. टोकाला नारळ खवायचे दाते, म्हणजे एका वस्तूत दोन कामं, आणि एक काम दुसऱ्याच्या आड येत नाही. कुठल्याही डिझाइनच्या साइटवर ही वस्तू आज नवीन म्हणून टाकली तर लाखभर लोक बघतील. आमच्या घरी ती फ्रीजच्या मागे उभी करून ठेवलेली असते.

डिचोलीच्या मैत्रिणीने समईचं नाव सुचवलं. डिचोली पितळेच्या कामासाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी पहिल्यापासून प्रसिद्ध. मोठी समई एकसंध नसते, तिचे भाग आट्यांनी एकमेकांत फिरवून बसवतात. सण झाला की सुटे करा, चिंचेने घासा, कापडात गुंडाळून फळीवर ठेवा. आयकिया या स्वीडिश कंपनीने १९५६ च्या सुमारास टेबलाचे पाय सुटे करून विकायला सुरुवात केली आणि फर्निचरचा धंदाच बदलला. तिकडे अडचण मोटारीत टेबल न मावण्याची होती, इकडे पितळ घासण्याची.

आता वेबसाइट्स. इथे मी थोडा हात आखडता घेतो, कारण वेबसाइट वाचून कळत नाही, बघावी लागते. एकच सांगतो. जॉश वर्थ या डिझायनरने २०१४ मध्ये एक पान बनवलं, त्यात चंद्र म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, एक पिक्सेल. त्या मापाने सूर्य आणि सगळे ग्रह एका आडव्या पानावर मांडलेत. तुम्ही आडवं सरकवत राहायचं. सरकवता, सरकवता, काळोख. परत सरकवता, अजून काळोख. मधेच एखादं वाक्य येतं, पुन्हा काळोख. शाळेच्या पुस्तकात सूर्यमालेचं चित्र असतं त्यात ग्रह दाटीवाटीने बसलेले असतात, जसे कदंबाच्या बसमध्ये आम्ही. खरं अंतराळ म्हणजे बहुतेक काहीच नसणं, हे मला बारावीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण अंगठा दुखेपर्यंत कळलं नव्हतं. या साइटची कल्पकता रंगात किंवा चित्रांत नाही. आपण रोज जी क्रिया विचार न करता करतो, सरकवण्याची, तिलाच त्याने अर्थ दिला.

दुसऱ्या टोकाला अरविंद गुप्तांची साइट. दिसायला अगदी साधी, लिंकांच्या याद्याच याद्या. पण आत काय आहे! कानपूरच्या आयआयटीत शिकलेला हा माणूस टेल्कोची नोकरी सोडून मुलांसाठी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत बसला, पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या साइटवर खेळण्यांचे छोटे व्हिडिओ आणि शेकडो पुस्तकं फुकट आहेत, त्यांत मराठी पुस्तकंही भरपूर. १९८६ च्या त्यांच्या पहिल्या पुस्तकात आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घुमट बांधायला शिकवलंय. काडी नळीत खुपसायची, झाला सांधा. सांधा वाकतो, म्हणून चौकोन डुगडुगतो आणि त्रिकोण डुगडुगत नाही. पूल आणि छपरं त्रिकोणांची का असतात ते हाताला कळतं. वर्गात मी ही साइट दाखवली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, “किती ओल्ड दिसते रे.” दिसते. स्वस्तातल्या मोबाइलवर, डोंगराआड रेंज नसलेल्या गावातही ती पटकन उघडते, तेसुद्धा डिझाइनच.

आता आपल्या मंडळाच्या अंगणातली गोष्ट: अक्षरं.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. छापखाना त्याआधीच, १५५६ मध्ये, इथे पोचला होता, भारतातला पहिला. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापून झालं, भाषा मराठी, लिपी रोमन. शाळेत मला वाटायचं, परक्या माणसाला देवनागरी नको होती म्हणून रोमन. पण प्रियोळकरांच्या मुद्रणाच्या इतिहासात वेगळीच हकीकत वाचायला मिळते. स्टीफन्सनी १६०८ मध्ये रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, इथल्या लोकांच्या भाषेत आणि त्यांच्याच लिपीत पुस्तकं छापायला परवानगी द्या म्हणून. अडचणही त्यांनीच सांगितली: रोमन लिपीला चोवीस साचे पुरतात, इथली अक्षरं मात्रा-वेलांट्यांसकट धरली तर सहाशेपर्यंत जातात. आणि पुढे त्यांनी उपायही सुचवला, की ही संख्या दोनशेवर आणता येईल.

मी या ‘दोनशे’पाशी बराच वेळ थांबलो. सहाशेचे दोनशे कसे करणार होते? त्यांनी अक्षराचे तुकडे करायचं मनात धरलं असणार, असा माझा तर्क आहे. ‘की’साठी वेगळा साचा कशाला, ‘क’ एक, वेलांटी एक, शेजारी ठेवा. म्हणजे लिपी चित्रासारखी न बघता यंत्रासारखी बघणं. ते पत्र भक्ताचं आहेच, पण डिझायनरचंही आहे. काम काही झालं नाही. ‘क्रिस्तपुराण’ संपूर्ण देवनागरीत छापलेलं बघायला १९५६ उजाडावं लागलं, पुण्याला शांताराम बंडेलूंनी ते काढलं. तीनशे चाळीस वर्षं.

आज तुम्ही मोबाइलवर ‘क्ष’ टाइप करता तेव्हा काय होतं? युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा मूळ तक्ता आहे. त्यात ‘क्ष’ नाहीच. तुम्ही क, हलन्त आणि ष पाठवता. ते जोडून एक अक्षर कसं दिसावं ते फॉन्टमध्ये लिहिलेले नियम ठरवतात. साठवायला तुकडे थोडे, दाखवायला अक्षरं शेकडो. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ बघत आलो तो र. कृ. जोशींनी घडवला, ते कवी, जाहिरातक्षेत्रातले, आणि मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे. त्यांच्यानंतरच्या पिढीत मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’, ‘बालू’ असे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर सगळ्यांना मोफत दिले. त्यांचा २०१५ चा ‘मोदक’ जरूर उघडून बघा. अक्षरं चवथीच्या मोदकासारखी टम्म फुगलेली, आतल्या पोकळ्या जवळजवळ बुजून नुसत्या रेघा उरलेल्या, आणि तरी वाचता येतात. परिच्छेदभर मजकूर मात्र त्यात लावू नका. गेल्या अंकाच्या संपादकीयाचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. ती चूक माझीच होती.

आता राहिलेली एक गोष्ट, इंटरनेटवर जी मला सापडली नाही ती.

आमचा गाव पेडण्यात, शापोरा नदीच्या काठाला. नदीत समुद्राची भरती आत शिरते, म्हणजे पाणी खारं. काठाची शेतं म्हणजे खाजन, भरतीच्या पातळीहून खाली. नदी आणि शेत यांच्यामध्ये चिखल-दगडाचा बांध, आणि बांधात एके ठिकाणी मानस: दगडी तोंड आणि त्यात एकाच बाजूला, नदीकडे, उघडणारं लाकडी दार. भरती आली की नदीचं पाणी दाराला बाहेरून दाबतं, दार मिटतं, खारं पाणी आत येत नाही. सुकती लागली, नदी उतरली, की आतलं पावसाचं पाणी जड होतं, तेच दार बाहेर ढकलतं आणि निचरा होतो. वीज नाही, मोटार नाही, रात्री तीनला उठून कुणी उघडायला नको. दिवसातून दोन भरत्या, दोन सुकत्या, दार आपलं आपण चालतं. तोंडाशी जाळं लावलं की मासळीही मिळते. मानशीवरच्या मासळीची पावणी होते ती उगाच नाही. आपल्या हृदयातल्या झडपा याच तत्त्वावर चालतात. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्हही.

मागे एका पावसाळ्यात आमच्या मानशीचं दार कुजून सुटलं आणि खारं पाणी शेतात शिरलं. त्या वर्षी भात गेलं. खारं पाणी एकदा आत बसलं की ते धुऊन निघायला पुढचा पाऊसही कधी कधी पुरत नाही, त्यामुळे त्याच्या पुढच्या वर्षीही अर्धंच. नवं दार करायला जो मेस्त बोलावला तो तरुण, घरांची कामं करणारा. त्याने विचारलं, “ड्रॉइंग आसा?” ड्रॉइंग नव्हतं. ड्रॉइंग होतं ते गावातल्या म्हाताऱ्या मेस्तांच्या डोक्यात. त्यांना खुर्चीवर बसवून बांधावर नेलं, त्यांनी काठीने चिखलात आखून दाखवलं. दार झालं, पण पहिल्या उधाणाला फटीतून पाणी येऊ लागलं. म्हाताऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट, दार उभं सरळ न बसवता थोडं कलतं बसवायचं म्हणजे ते आपल्या वजनाने मिटायला बघतं, ती कुणी नीट ऐकली नव्हती. चिखलातलं चित्र तोवर भरतीने पुसलं होतं.

तेव्हा मी म्हटलं, थांबा, इंटरनेटवर बघतो. दीडशे लिंकांचा मालक मी!

गूगलवर मराठीत ‘मानस’ टाकलं. काय आलं असेल? ‘पूल बांधण्याचा सरकारचा मानस’, मग तुलसीदासांचं रामचरितमानस, मग मन आणि मानसशास्त्र. ‘मानस गोवा’ टाकलं तर हॉटेल. रोमनमध्ये आपल्या जुन्या स्पेलिंगने, शेवटी ‘ओएस’ लावून टाकलं तेव्हा इंग्रजीतले अभ्यासलेख उघडले: खाजनांची रचना, गावकारी, पर्यावरण, सगळं उत्तम. पण दाराचं माप, कल, बिजागरीची जागा, मेस्ताला हातात देता येईल असं काही मला त्यांत मिळालं नाही. मग ‘खारभूमी’ हा शब्द टाकून बघितला आणि रायगडकडचे मजकूर यायला लागले. तिथे कळलं की आपल्या मानशीला तिकडे ‘उघाडी’ म्हणतात. काय नेमका शब्द आहे! आपण जे भरतीला मिटतं त्याला नाव दिलं, त्यांनी सुकतीला उघडतं त्यावरून दिलं. हा एक शब्द मिळाल्यावर वाट बरीच मोकळी झाली. मित्रांनो, शोधण्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे: वस्तू सापडत नसेल तर शेजारच्या जिल्ह्यात तिला काय म्हणतात ते शोधा. नकाशातही शोधा. डिचोलीतून कुंभारजुव्याच्या बाजूला जायला सारमानसची फेरी आहे; त्या फेरीतून मी दहा वेळा गेलोय, नावाकडे लक्ष आता गेलं. मला तरी त्यात तोच मानस ऐकू येतो.

मुंबई आयआयटीच्या डिझाइन विभागाची ‘डी-सोर्स’ नावाची साइट आहे. कारागिरांच्या घरी जाऊन, कामाची एकेक पायरी फोटोंसकट तिथे नोंदवलेली असते. सावंतवाडीचा गंजिफा कसा करतात ते तिथे बघता येतं, आणि सावंतवाडी पेडण्यापासून किती लांब? ते बघितलं तेव्हा मला पद्धत मिळाली. कुणी तरी गेलं, बसलं, विचारलं, मापं घेतली, म्हणून ते आज आहे.

तर वर्गातल्या आम्ही चौघांनी आधी एक प्रयोग केला. तुम्हीही करा, खर्च शून्य. आइस्क्रीमचा प्लास्टिकचा चौकोनी डबा घ्या, मधे पुठ्ठ्याची नको, दुसऱ्या डब्याच्या झाकणाची भिंत मेणाने पक्की बसवा. भिंतीत तळाशी रुपयाएवढं भोक पाडा. एका बाजूने त्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा फक्त वरच्या कडेने चिकटवा, खालून मोकळा. ज्या बाजूला रबर ती नदी, दुसरी शेत. नदीत पाणी ओता: रबर भोकावर दाबून बसतं, शेत कोरडं. मग नदी रिकामी करा आणि शेतात ओता: रबर उचललं जातं, पाणी नदीत. अरविंद गुप्तांच्या पंपांतली झडप हीच. आमच्या पहिल्या डब्यात शेतात पाणी झिरपलं, कारण रबर भिंतीला अगदी समांतर होतं. भिंत नदीच्या बाजूने वर थोडी मागे, शेताकडे कलती केली, तेव्हा रबर आपल्या वजनानेच टेकून बसू लागलं आणि झिरपणं थांबलं. मी म्हाताऱ्या मेस्तांना मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला. “हांवें तेंच सांगिल्लें,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर गेल्या दोन महिन्यांत आम्ही तीनदा बांधावर गेलो. टेप, पाटी, खडू आणि मोबाइल. मेस्त वर खुर्चीवर, आम्ही खाली चिखलात. तोंडाची रुंदी, उंची, फळ्यांची जाडी, दाराचा कल, सगळं कागदावर आलंय; बाजूला नावं दोन्ही लिहिलीत, मानस आणि उघाडी, आणि शक्य तिथे मेस्तांच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा. डिचोलीची मैत्रीण मयेच्या बाजूच्या एका मानशीचं असंच चित्र करतेय, तिकडचं दार आमच्याहून वेगळं बसवलेलं आहे म्हणे. दोन्ही चित्रं पुढच्या अंकात छापू, आणि कुणालाही उतरवून घेता येतील अशी इंटरनेटवरही ठेवू. मजकूर ‘मुक्ता’त लावणार आहे, ‘मोदक’मध्ये नाही.

एक माप मात्र राहिलंय. दार ज्या खुंटीवर फिरतं तिचं टोक गाळाखाली आहे, नेहमीच्या सुकतीला ते उघडं पडत नाही. मेस्त म्हणतात अमावास्येला पाणी खूप मागे जातं तेव्हा तासभर दिसेल. येत्या अमावास्येला सुकती पहाटेची आहे. कुणाला यायचं असेल तर पेडण्याच्या बसस्टँडवर पाच वाजता भेटा, आणि जुनी चपलं घालून या.